थंडरडोमची गोष्ट

गाड्यांच्या शर्यती म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना फॉर्म्युला वनच आठवते. 'स्टॉक कार रेसिंग' म्हटलं तर आमच्या घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "शेअर बाजाराचं काही आहे का ते?" :-)

नाही हो, शेअर बाजाराशी काही संबंध नाही. पण पैसे बुडण्याशी मात्र आहे. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

मेलबर्नहून कॅल्डर फ्रीवेने बेंडिगोच्या दिशेने निघालं की शहर संपता संपता, पंचवीसेक किलोमीटरवर, कॅल्डर पार्क लागतं. इथली मराठी मंडळी मॅसेडनच्या डोंगरावर जाताना त्याच्या बाजूनेच जातात. तिथे एक प्रचंड मोठं, कडेने उचललेलं काँक्रीट आणि डांबराचं कडं पडून आहे. त्याचं नाव थंडरडोम. (नाव डोम असलं तरी वर छप्पर वगैरे काही नाही.) एका माणसाने हे आपल्या हिमतीवर उभं केलं, तिथे एक शर्यतींची मालिका सुरू केली, दहाबारा वर्षं ती चालवली, आणि मग ती संपली. मोटार रेसिंगच्या इतिहासात ही तळटीप म्हणूनच येते. मला मात्र त्या तळटिपेतच खूप काही दिसतं.

आधी थोडी ओळख. स्टॉक कार म्हणजे दुकानात 'स्टॉकमध्ये' असते ती गाडी. निदान सुरुवातीला तरी तशीच. चार दरवाजांची, घरगुती, आपण बाजारात घेऊन जातो तशी. ती लंबवर्तुळाकार ट्रॅकवर पळवायची. या ट्रॅकला ओव्हल म्हणतात. वळणं एकाच दिशेची. प्रेक्षकाला एका जागी बसून पूर्ण शर्यत दिसते, हे याचं सगळ्यात मोठं आकर्षण. डोंगरातल्या वळणदार सर्किटवर गाडी समोरून 'झूं' करून गेली की पुढची दीड-दोन मिनिटं तुम्ही झाडं बघत बसता. ओव्हलवर मात्र क्रिकेटच्या मैदानासारखं, सगळं समोर.

मोठ्या ओव्हलची वळणं सपाट नसतात, आतल्या बाजूला कललेली असतात. विहिरीत मोटरसायकल चालवणारा जत्रेतला 'मौत का कुआं' आठवा. त्याचंच सौम्य रूप. गाडीचा वेग जितका जास्त, तितकी ती त्या उतारावर दाबली जाते आणि घसरण्याऐवजी पकडून धावते. डेटोनाला हा कल ३१ अंश आहे, शार्लटला २४.

अमेरिकेत या खेळाचं मोठं प्रस्थ आहे ते नॅसकार या संस्थेमुळे. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या एका हॉटेलात बिल फ्रान्स नावाच्या माणसाने शर्यतवाल्यांची बैठक बोलावली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये संस्था नोंदली गेली. त्या आधीच दक्षिणेकडच्या राज्यांत गावोगावी मातीचे ट्रॅक होते. रात्री चोरटी दारू वाहून नेताना पोलिसांना गुंगारा देणारे काही ड्रायव्हर रविवारी दुपारी त्या मातीवर एकमेकांशी शर्यत लावायचे. म्हणजे ड्रायव्हर होते, मेकॅनिक होते, गाड्या होत्या, बघणारे होते, आणि तिकिटं फाडणारेही होते. फ्रान्सने या सगळ्यांना एका नियमाखाली आणलं. जून १९४९ मध्ये शार्लटला पहिली 'शुद्ध स्टॉक' शर्यत झाली, तीही मातीवरच. डार्लिंग्टनचा मोठा डांबरी ट्रॅक आला १९५० साली, डेटोनाचा १९५९ साली, आणि शार्लटचा दीड मैलांचा १९६० साली.

हा क्रम लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता आपला नायक. बॉब जेन. जन्म १९२९ चा. ऑस्ट्रेलियात हे नाव आजही घराघरांत माहीत आहे, पण ते टायरच्या दुकानांमुळे. 'बॉब जेन टी-मार्ट्स' ही साखळी त्यांनी १९६५ साली सुरू केली. पण त्याआधी आणि त्यानंतरही ते अव्वल दर्जाचे ड्रायव्हर होते. १९६१ ते १९६४ अशी सलग चार वर्षं त्यांनी आर्मस्ट्राँग ५०० ही शर्यत जिंकली. आज जिला बाथर्स्टची शर्यत म्हणतात तिचं हे मूळ. १९६२ पर्यंत ती फिलिप आयलंडला होती, १९६३ पासून बाथर्स्टला. शिवाय ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चँपियनशिप चार वेळा: १९६२, १९६३, १९७१ आणि १९७२. म्हणजे हा नुसता हौशी शेठ नव्हता. गाडी म्हणजे काय हे हातापायांना ठाऊक असलेला माणूस होता. कॅल्डर पार्कचं सर्किट १९७० च्या दशकात त्यांच्या मालकीचं झालं होतं.

१९८१ साली जेन अमेरिकेत शार्लटला गेले. तिथलं ते भव्य कडं, तो आवाज, ती गर्दी बघून आले ते झपाटूनच. बिल फ्रान्स यांच्या मुलाशी, म्हणजे तेव्हा नॅसकार चालवणाऱ्या बिल फ्रान्स ज्युनियर यांच्याशी बोलणी झाली, ऑस्ट्रेलियात नॅसकारच्या शर्यती घेण्याचा करार झाला. कॅल्डर पार्कच्या जमिनीवर १९८३ साली काम सुरू झालं. शार्लटचीच छोटी प्रतिकृती म्हणा ना: लांबी १.८ किलोमीटर, वळणांना तोच २४ अंशांचा कल. ऑगस्ट १९८७ मध्ये ते उघडलं. खर्चाचा जो आकडा नेहमी दिला जातो तो आहे ५ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. त्या काळचे! सरकारी मदतीवर नाही, टायर विकून.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जागतिक टूरिंग कार चँपियनशिपची एक फेरी इथे झाली. जुनं वळणदार सर्किट आणि नवं कडं जोडून. पण खरा दिवस उजाडला तो २८ फेब्रुवारी १९८८ ला. 'गुडइयर नॅसकार ५००'. उत्तर अमेरिकेबाहेर झालेली नॅसकारची ही पहिली शर्यत. अमेरिकेहून खरेखुरे स्टार आले होते. त्यातला बॉबी अ‍ॅलिसन दोनच आठवड्यांपूर्वी डेटोना ५०० जिंकून आला होता, आपल्याच मुलाला दुसऱ्या क्रमांकावर टाकून. नील बॉनेट त्याच्या पुढच्या आठवड्यात रिचमंड जिंकून आला होता. बॉनेटने मेलबर्नही जिंकलं, अ‍ॅलिसन दुसरा. मग बॉनेट परत गेला आणि पुढच्या रविवारी नॉर्थ कॅरोलायनात रॉकिंगहॅमची शर्यतही जिंकला! तीन आठवडे, दोन खंड, तीन विजय. (मधल्या विजयाचे गुण मात्र नाहीत, कारण मेलबर्नची शर्यत प्रदर्शनीय होती.)

असा धडाक्यात श्रीगणेशा झाला. पण पाहुणे विमानाने परत गेल्यावर पुढे काय? मला सगळ्यात रस आहे तो इथून पुढे.

जेन यांना हे पक्कं माहीत होतं की दर पंधरा दिवसांनी अमेरिकेतून ड्रायव्हर आणता येणार नाहीत. मालिका चालवायची तर घरचे ड्रायव्हर हवेत, आणि त्यांच्या खिशाला परवडेल अशी गाडी हवी. नॅसकारची गाडी दिसायला शेवरोले किंवा पाँटियाक असली तरी आतून ती खास शर्यतीसाठी नळ्या जोडून बनवलेला सांगाडा असते. ती अमेरिकेतून आणायची म्हणजे मोठा खर्च. म्हणून नॅसकारच्या जोडीला त्यांनी दुसरी मालिका काढली: ऑसकार. (सिनेमावालं ऑस्कर नव्हे. ऑस्ट्रेलियातलं नॅसकार म्हणून ऑसकार.) गाड्या दोनच प्रकारच्या, इथे बनणाऱ्या फोर्ड फाल्कन आणि होल्डन कमोडोर. कारखान्यातून येणारं कवच, आत सुरक्षेचा पिंजरा, आणि सुमारे ५ लिटरचं व्ही-८ इंजिन.

यात एक गंमत आहे. ऑस्ट्रेलियातल्या गाड्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. अमेरिकेत डावीकडे. अमेरिकन ओव्हलवर गाड्या घड्याळाच्या उलट धावतात, म्हणजे सतत डावीकडे वळतात. ड्रायव्हर डावीकडे बसल्यामुळे तो आतल्या बाजूला राहतो आणि बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीपासून लांब. आता उजवीकडे बसणाऱ्याला तसंच धावायला लावलं तर तो भिंतीच्या बाजूला येणार. म्हणून ऑसकारच्या गाड्या घड्याळाच्या दिशेने पळायच्या! एकाच ट्रॅकवर नॅसकारवाले या दिशेने, तर ऑसकारवाले बरोबर उलट्या दिशेने. ऑसकारमध्ये शिकून नॅसकारच्या गाडीत बसायचं म्हणजे सगळं आरशात बघितल्यासारखं पुन्हा शिकायचं. ओव्हलच्या गाडीची दोन्ही बाजूंची चाकं, स्प्रिंगा, वजनाची वाटणी, सगळं एकाच दिशेला वळण्यासाठी लावलेलं असतं, त्यामुळे मेकॅनिकलाही तेच.

पहिली ऑसकार शर्यत त्या फेब्रुवारी १९८८ च्याच कार्यक्रमात झाली आणि ती जिंकली टेरी सॉयर नावाच्या तरुण मुलीने, कमोडोर चालवून. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी नवीन मालिकेला मोठी बातमी मिळाली होती.

पुढे या मालिकांचे हंगाम उन्हाळ्यात होऊ लागले. इथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणून हंगामांची नावंही क्रिकेटसारखी, १९८९-९० अशी. ब्रॅड जोन्स या ड्रायव्हरने १९८९-९० पासून सलग पाच वेळा ऑसकारचं अजिंक्यपद जिंकलं. प्रकाशझोतात रात्रीच्या शर्यती, समोर सगळं दिसणारं कडं, घरातलीच फोर्ड आणि होल्डन. कागदावर बघाल तर यात न चालण्यासारखं काहीच नाही.

मग चाललं का नाही?

पहिलं कारण अगदी साधं, जमिनीचं. मालिका म्हणजे अनेक ठिकाणी होणाऱ्या शर्यती. १९८८ साली अमेरिकेत नॅसकारच्या मुख्य मालिकेत २९ शर्यती होत्या, आणि त्याच्या खाली गावोगावच्या लहान ट्रॅकवर दर शनिवारी चालणारं वेगळं जग होतं. जेन यांच्याकडे ट्रॅक किती? एक. मग अ‍ॅडलेडच्या सर्किटवर अर्ध्या मैलाचं दुसरं कडं झालं. तेव्हा दोन. मेलबर्नहून अ‍ॅडलेड सातशे किलोमीटरच्या वर. देशातलं सगळ्यात मोठं शहर सिडनी, तिथे या गाड्यांसाठी काहीच नाही. बरं, अ‍ॅडलेडचं सर्किटही जेन यांच्याच मालकीचं! मालिका लांबवायला मग साध्या वळणदार सर्किटांवरही शर्यती घ्याव्या लागल्या. पण ओव्हलसाठी जन्मलेली गाडी वळणदार सर्किटवर नेली की तिचं वेगळेपण संपतं, आणि प्रेक्षक तिची तुलना नेहमीच्या टूरिंग गाड्यांशी करायला लागतो.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ट्रॅक जेन यांचा, दुसरा ट्रॅकही जेन यांचा, मालिका जेन यांची, प्रायोजकांतलं मोठं नाव बॉब जेन टी-मार्ट्स. सुरुवातीला ही ताकद असते, कारण कोणाला विचारावं लागत नाही. समित्या नाहीत, ठराव नाहीत. पण तोटा झाला तर तोही वाटून घ्यायला कोणी नसतं. नॅसकारमध्ये फ्रान्स घराण्याची हुकूमशाही होती असं म्हणतात, आणि होतीच. पण मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक क्ले अर्ल्स यांचा होता, नॉर्थ विल्क्सबरोचा इनॉक स्टेली यांचा, आणि शार्लट उभारणीत ब्रूटन स्मिथ होते. डार्लिंग्टन तर हॅरल्ड ब्रॅसिंग्टन नावाच्या गृहस्थांनी शेतजमिनीवर उभं केलं. तिथल्या जमीनमालकाला आपलं माशांचं तळं बुजवायचं नव्हतं, म्हणून एका टोकाचं वळण अरुंद झालं आणि तो ट्रॅक आजही अंड्याच्या आकाराचा आहे. प्रत्येक गावात एकेक बॉब जेन होता! एकाचं पाऊस पडून नुकसान झालं तरी दुसरीकडे शर्यत होत होती. मेलबर्नला पाऊस पडला की सगळ्या मालिकेवरच पडायचा.

कोणी म्हणेल, डार्लिंग्टनही एका माणसाने वेड्यासारखं उभं केलं, मग तेच कसं तगलं? तगलं कारण आजूबाजूला मातीचे ट्रॅक आधीपासून होते. ड्रायव्हर तयार होते, लोकांना चटक लागलेली होती. ब्रॅसिंग्टन यांनी पायावर कळस चढवला. जेन यांनी कळस आधी बांधला, आणि पाया त्याच्याखाली आपोआप भरला जाईल अशी आशा धरली.

पण ऑस्ट्रेलियात पाया नव्हता असं तरी कसं म्हणायचं? खरं तर होता, आणि हेच दुसरं कारण. मातीच्या ओव्हलवरच्या शर्यतींना इथे 'स्पीडवे' म्हणतात आणि त्याची परंपरा अमेरिकेच्या तोडीची जुनी आहे. न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंडच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर १९२३ साली झालेल्या मोटरसायकलींच्या शर्यतींना अनेक जण स्पीडवेचा जन्म मानतात. सिडनीच्या शोग्राउंडवर कित्येक दशकं ही गर्दी जमत होती. म्हणजे गोल फिरणाऱ्या गाड्या बघायला आवडणारे लोक इथे होते. पण त्यांचं प्रेम होतं मातीवर, आडव्या घसरणाऱ्या स्प्रिंटकारवर आणि आपल्या गावच्या क्लबवर. दुसरीकडे डांबरावरच्या रेसिंगचे शौकीन होते ते बाथर्स्टचे भक्त. डोंगर चढणारा, उतरणारा, डावीउजवीकडे वळणारा ट्रॅक म्हणजे खरी कसोटी, आणि एकाच बाजूला वळत राहणं म्हणजे काय रेसिंग झालं, असं म्हणणारे.

ऑसकार बरोबर या दोघांच्या मधल्या फटीत पडली. मातीवाल्यांसाठी ती फार गुळगुळीत, डांबरवाल्यांसाठी फार गोल. ज्यांना ओव्हल आवडायचे त्यांच्या गाड्या आणि ड्रायव्हर वेगळे, ज्यांचे ड्रायव्हर ओळखीचे त्यांना ओव्हल आवडत नव्हता. नवीन प्रेक्षक घडवायचा तर दोन पिढ्या लागतात, आणि टायर विकून दोन पिढ्या कोण थांबणार?

तिसरं कारण मात्र दैवाचा खेळ म्हणावा असं आहे. ते समजायला जरा मागे जावं लागेल.

ऑस्ट्रेलियात फोर्ड की होल्डन हा प्रश्न आपल्याकडच्या लता की आशा या प्रश्नासारखा आहे. घराघरांत वाद. पण १९८५ पासून टूरिंग कार शर्यतींनी युरोपातले 'ग्रुप ए' नियम स्वीकारले, आणि त्या नियमांत जिंकायला लागल्या बाहेरून आलेल्या टर्बो गाड्या. आधी फोर्डचीच पण युरोपियन सिएरा, मग निसानची स्कायलाइन जीटी-आर. घरच्या दणकट व्ही-८ गाड्या मागे पडल्या. इतकंच काय, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९१ पर्यंत फोर्डने ऑस्ट्रेलियात व्ही-८ फाल्कन विकणंच बंद ठेवलं होतं. म्हणजे १९८८ साली व्ही-८ फाल्कनला व्ही-८ कमोडोरशी झुंजताना बघायचं असेल, तर जायचं कुठे? थंडरडोमला! जेन यांनी लोकांची नस बरोबर ओळखली होती. बाकी सगळे युरोपकडे बघत असताना हा माणूस म्हणत होता, लोकांना त्यांच्या दारात उभी असलेली गाडी धावताना बघायची आहे.

१९९२ च्या बाथर्स्टमध्ये स्फोट झाला. पावसात शर्यत थांबवावी लागली आणि जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ यांच्या निसानला विजयी घोषित केलं. गर्दीने त्यांची हुर्यो उडवली. रिचर्ड्स व्यासपीठावरूनच लोकांवर उखडले. तो प्रसंग इथे अजून लोक सांगतात. त्याच शर्यतीत माजी जागतिक विजेता डेनी हल्म गाडी चालवता चालवता हृदयविकाराने गेला होता, त्यामुळे तो दिवस सगळ्याच अर्थांनी कडवट झाला.

आणि १९९३ पासून नियम बदलले. टूरिंग कारच्या मुख्य वर्गात आता कोणत्या गाड्या? ५ लिटर व्ही-८ फोर्ड फाल्कन आणि ५ लिटर व्ही-८ होल्डन कमोडोर.

ओळखीचं वाटतंय ना? :-)

गेली पाच वर्षं थंडरडोममध्ये जी जोडी धावत होती, तीच आता बाथर्स्टच्या डोंगरावर धावायला लागली. त्यांच्याकडे बाथर्स्ट होतं, नामवंत ड्रायव्हर होते, देशभर पसरलेली सर्किटं होती. १९९७ पासून त्या मालिकेने 'व्ही-८ सुपरकार्स' असं नाव घेतलं आणि ती देशातली सगळ्यात मोठी रेसिंग मालिका झाली. मग ऑसकारकडे वेगळं असं काय उरलं? फक्त ओव्हल. आणि ओव्हल तर लोकांना नकोच होता. प्रायोजक तिकडे गेले, ड्रायव्हर तिकडे गेले. सलग पाच वेळचा ऑसकार विजेता ब्रॅड जोन्स १९९६ साली आऊडी घेऊन दोन लिटर गाड्यांची चँपियनशिप जिंकला, आणि २००० साली आपल्या भावाबरोबर व्ही-८ सुपरकार्समध्ये संघ घेऊन उतरला. त्याला दोष कसा देणार? शर्यत चालवणाऱ्याने शर्यत जिथे आहे तिथे जायचं असतं.

नवं शतक सुरू होता होता ऑसकारही संपली आणि थंडरडोमवरची नॅसकारही. कडं तसंच राहिलं.

कल्पना जिंकली आणि मालिका हरली. मला ही गोष्ट इतकी लागते ती यामुळेच. जेन चुकीचे ठरले असते तर सोपं होतं, 'वेडा होता' म्हणून सोडून देता आलं असतं. पण गाडीच्या बाबतीत ते पाच वर्षं आधीच बरोबर होते. लहान माणसाने आधी ओळखलेली गोष्ट मोठ्या शेजाऱ्याने उचलली की लहानाचं काय होतं, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. आणि यात कोणी चोर नाही, हेही खरं. लोकांना काय हवं ते दोघांनाही दिसलं, एकाकडे ते द्यायला बाथर्स्ट होतं, दुसऱ्याकडे नव्हतं.

हे ऑस्ट्रेलियातच झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये कॉर्बी गावात, जिथे पूर्वी पोलादाचा कारखाना होता त्या जमिनीवर, २००१ साली रॉकिंगहॅम नावाचं दीड मैलाचं ओव्हल उभं राहिलं. (नॉर्थ कॅरोलायनातलं रॉकिंगहॅम वेगळं.) ब्रुकलँड्सनंतर ब्रिटनमधलं पहिलं मोठं कललेलं ओव्हल. त्याच वर्षी तिथे 'एस्कार' नावाची स्टॉक कार मालिका सुरू झाली. २००३ सालचा विजेता होता बेन कॉलिन्स. 'टॉप गिअर' बघणाऱ्यांना तो वेगळ्या नावाने ठाऊक आहे: पांढऱ्या हेल्मेटमधला स्टिग. अमेरिकेची कार्ट मालिकाही सप्टेंबर २००१ मध्ये तिथे आली, तर ट्रॅकच्या डांबरातून पाणीच झिरपायला लागलं आणि सरावाचे दिवस वाया गेले. कार्ट दोन वर्षांत परत गेली, एस्कार दशक संपण्याआधीच मावळली, आणि २०१८ नंतर तिथलं रेसिंगच बंद होऊन जागा गाड्या ठेवण्याच्या व्यवसायाकडे गेली. आणि गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये १९५४ पासून छोट्या ओव्हलवर स्टॉक कारच्या धडकाधडकीच्या शर्यती चालू आहेत, भरपूर लोक बघतात. पण ते लोक रॉकिंगहॅमला सरकले नाहीत. तीच फट, तोच खड्डा.

उलट उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर वाटेल की अशा छोट्या खेळांचं नशीबच फुटकं. व्हिक्टोरियात वॉर्नामबूल नावाचं किनाऱ्यावरचं छोटं शहर आहे. ग्रेट ओशन रोड पाहायला गेलेल्या आपल्या पाहुण्यांना आम्ही तिथपर्यंत नेतो, आणि ते देवमासे बघून परत येतात. त्याच्या जवळ एक मातीचा लहानसा ओव्हल आहे. तो तिथला क्लब चालवतो. १९७३ पासून दर वर्षी जानेवारीत तिथे स्प्रिंटकारची मोठी शर्यत होते, आणि तिला देशभरातून शंभराच्या आसपास गाड्या येतात. कोट्यवधींचा ट्रॅक नाही, २४ अंशांचा कल नाही. पण हॉटेलवाले, गॅरेजवाले, शाळेतली मुलं, क्लबचे स्वयंसेवक, सगळ्या गावाला ती शर्यत आपली वाटते. कोणा एकाचा उत्साह संपला म्हणून ती संपणार नाही.

म्हणून मला वाटतं, छोटी मालिका वाढवायची म्हणजे मोठा ट्रॅक बांधायचा नसतो. तिचा तोटा सोसायला तयार असलेली माणसं वाढवायची असतात. प्रेक्षक त्यांच्या मागून येतात. जेन यांनी बाकी सगळं मिळवलं: अमेरिकेचा करार, उत्तम ट्रॅक, योग्य गाडी, चांगले ड्रायव्हर. दुसरा बॉब जेन मात्र त्यांना मिळाला नाही. कदाचित त्यांना तो नकोही असेल. असली माणसं भागीदारीत रमत नाहीत, आणि रमणारी माणसं असले डोम बांधत नाहीत!

जेन २८ सप्टेंबर २०१८ ला गेले. त्याच्या आधीच, २०११ आणि २०१२ साली, मार्कस अँब्रोज हा टास्मानियाचा ड्रायव्हर अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला नॅसकारची मुख्य शर्यत जिंकणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला होता. २०२३ मध्ये न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन शिकागोच्या रस्त्यांवर पहिल्याच प्रयत्नात जिंकला. दोघंही व्ही-८ सुपरकार्समधून गेले, आणि हे विजय वळणदार ट्रॅकवरचे. म्हणजे या भागातून नॅसकारकडे रस्ता गेला खरा, जेन यांना हवा होता तसाच. फक्त तो थंडरडोमवरून गेला नाही.

तरी २८ फेब्रुवारी १९८८ चा तो दिवस खोटा होत नाही. डेटोनाचा विजेता आणि रिचमंडचा विजेता मेलबर्नच्या एका टायरवाल्याच्या अंगणात एकमेकांशी झुंजत होते, आणि त्याच कार्यक्रमात इथली एक मुलगी उलट्या दिशेने धावून जिंकत होती. इतकं तरी किती जणांना जमतं?

असो. तुमच्या पाहण्यातली अशी एखादी मालिका, संस्था, नाटक कंपनी असेल, जिची कल्पना जिंकली आणि ती स्वतः हरली, तर जरूर सांगा. मला अशा तळटिपा गोळा करायला आवडतात.